वखारवाल्या आईची धाकटी लेक : एडिथ स्टाईन

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

मागच्या वर्षीची गोष्ट. कॉस्टिंगचे एक पुस्तक हवे होते म्हणून मी ग्रंथालयात गेले होते. वाणिज्याच्या कपाटात, जाडजूड ग्रंथांच्या मध्ये, एक भलतेच इंग्रजी पुस्तक कुणीतरी चुकून खोचून ठेवले होते. मुखपृष्ठावर एका ननचे छायाचित्र होते. डोक्यावर वस्त्र, शांत डोळे, मिटलेले ओठ. योग्य जागी ठेवण्यासाठी ते हातात घेतले आणि सहज मधले पान उघडले, तर तिथे चक्क लाकडाच्या व्यापाराची हकीकत! नवरा अकस्मात वारलेला, धंद्यावर कर्ज, पदरात सात मुले. आणि धंदा विकून टाका असे नातेवाईक सांगत असताना ती बाई ठामपणे सांगते की धंदा मीच चालवणार.

आमचे आजोबा तीस वर्षे एका लाकडाच्या वखारीत दिवाणजी होते. ओंडके, घनफूट, करवत गिरणी, उधारी, कीर्द-खतावणी हे शब्द मी बाराखडीबरोबरच शिकले. त्यामुळे ते पान मला परके वाटलेच नाही. कॉस्टिंग राहिले बाजूला. ग्रंथपालांनी दिवे मालवेपर्यंत मी तिथेच उभी राहून वाचत होते. त्या वखारवाल्या बाईचे नाव ऑगुस्टे स्टाईन आणि मुखपृष्ठावरची नन म्हणजे तिची सर्वांत धाकटी लेक एडिथ. तत्त्वज्ञान हा काही माझा विषय नव्हे आणि ख्रिस्ती धर्मातही मी वाढलेली नाही. तरीही या मायलेकींची गोष्ट वर्षभर माझ्या मनातून गेली नाही. ती का गेली नाही, हे शेवटी सांगेन. आधी गोष्ट.

एडिथचा जन्म १२ ऑक्टोबर १८९१ रोजी ब्रेस्लाऊ या शहरात झाला. तेव्हा हे शहर जर्मनीत होते. दुसऱ्या महायुद्धानंतर ते पोलंडमध्ये गेले आणि आज त्याचे नाव व्रोत्सवाफ आहे. शहर तेच, नदी तीच, पण पाटीवरचे नाव वेगळे. आपल्या सीमाभागातील वाचकांना याचे फारसे नवल वाटू नये. घराणे ज्यू होते. एडिथ जन्मली तो दिवस त्या वर्षी योम किप्पूरचा होता, म्हणजे ज्यू लोकांच्या प्रायश्चित्ताचा, वर्षातला सर्वांत पवित्र दिवस. आईला या योगायोगाचे फार अप्रूप होते. अकरा बाळंतपणे, त्यांतली चार मुले लहानपणीच गेलेली, आणि हे शेंडेफळ अशा पुण्यदिवशी आलेले. साहजिकच ती आईची विशेष लाडकी झाली.

एडिथ दोन वर्षांचीही झाली नव्हती, तेव्हा १८९३ च्या जुलैमध्ये तिचे वडील झीगफ्रीड व्यापाराच्या कामासाठी गेले असता उष्माघाताने वारले. धंदा तोट्यात होता. ऑगुस्टेबाईंनी पदर खोचला. स्वतः वखारीत उभ्या राहून त्यांनी माल पारखला, गिऱ्हाइके सांभाळली, एकेक करून सर्व देणी फेडली आणि मुलांना शिकवले. त्या काळात एका विधवेने लाकडाच्या धंद्यात पुरुष व्यापाऱ्यांच्या बरोबरीने पत मिळवणे ही लहान गोष्ट नव्हती. आमच्या वर्गात उद्योजकतेवर व्याख्याने होतात. त्यात या बाईंचे नाव यायला हरकत नाही. हे सारे त्यांनी देवावर भार टाकून केले. शब्बाथचे दिवे, उपवास, सिनेगॉग, यांत कधी खंड पडला नाही.

पण घरची ही श्रद्धा धाकट्या लेकीला पुरेना. मुलगी अतिशय हुशार आणि तितकीच हट्टी. चौदा-पंधराव्या वर्षी तिने मध्येच शाळा सोडली आणि हॅम्बुर्गला थोरल्या बहिणीकडे काही महिने जाऊन राहिली. तिथे तिने प्रार्थना करणे बंद केले. अंगवळणी पडलेली सवय हळूहळू सुटावी तसे हे झाले नाही. ज्याची आपल्याला खात्री नाही त्याच्यापुढे हात जोडायचे नाहीत, असे तिने विचारपूर्वक ठरवले. मात्र आईबरोबर ती सिनेगॉगमध्ये जात राहिली आणि आईचे शेजारी बसून चाललेले एकाग्र ध्यान पाहत राहिली.

पुढे ती परत शाळेत आली आणि १९११ मध्ये उत्तम रीतीने परीक्षा उत्तीर्ण होऊन ब्रेस्लाऊ विद्यापीठात दाखल झाली. प्रशियाच्या विद्यापीठांची दारे मुलींना रीतसर उघडून तेव्हा अवघी तीन वर्षे झाली होती. मानसशास्त्र, इतिहास आणि जर्मन हे तिचे विषय होते. स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतही तिने भाग घेतला. मनुष्याचे मन म्हणजे काय, हे तिला जाणून घ्यायचे होते. पण त्या वेळचे मानसशास्त्र तिला पाया न घालताच भिंती उभारणाऱ्या गवंड्यासारखे वाटले. अशात तिच्या हाती एडमुंड हुसर्ल या तत्त्वज्ञाचा तर्कशास्त्रविषयक ग्रंथ पडला आणि १९१३ मध्ये ती थेट त्यांच्याकडे, ग्योटिंगेनला गेली.

हुसर्ल यांच्या विचारपद्धतीला फेनॉमेनॉलॉजी म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण मला समजले ते एवढे : एखाद्या गोष्टीविषयी आधीच बांधलेली मते थोडा वेळ बाजूला ठेवायची आणि ती गोष्ट आपल्या जाणिवेत प्रत्यक्ष कशी येते ते बारकाईने पाहायचे. ही शिस्त एडिथला मानवली. तिच्याभोवती आडोल्फ राईनाख, मॅक्स शेलर यांच्यासारखे विचारवंत आणि समवयस्क मित्रमैत्रिणी जमल्या. पूर्वग्रह बाजूला ठेवायला शिकल्यामुळे, श्रद्धावान माणसांकडेही आता ती निराळ्या नजरेने पाहू लागली. श्रद्धा खरी की खोटी हा प्रश्न पुढचा. पण श्रद्धा नावाची काहीतरी गोष्ट चांगल्या बुद्धिमान माणसांत वास करते, हे नाकारता येईना.

इतक्यात पहिले महायुद्ध पेटले. १९१५ मध्ये एडिथने रेडक्रॉसची परिचारिका म्हणून नाव नोंदवले. ऑगुस्टेबाईंनी साफ नकार दिला. माझ्या संमतीने तू जाणार नाहीस, असे त्यांनी सुनावले. तेव्हा संमतीवाचून जाईन, असे लेकीने उत्तर दिले. दोघीही एकाच लाकडाच्या. अखेर एडिथ गेली. आज चेक देशात असलेल्या एका गावी, सांसर्गिक रोगांच्या लष्करी इस्पितळात तिने काही महिने काम केले. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात नाना भाषा बोलणारे शिपाई होते. एका खाटेवर हंगेरियन, दुसऱ्यावर चेक, तिसऱ्यावर पोलिश. कुणाला काय दुखते हे समजण्यासाठी चार शब्द इकडचे, चार तिकडचे जमवावे लागत. एकदा तिच्या पाळीत एक शिपाई वारला. त्याचे सामान आवरताना त्याच्या वहीतून एक चिठ्ठी खाली पडली. त्याच्या बायकोने लिहून दिलेली ती प्रार्थना होती. नवऱ्याचे प्राण वाचावेत, एवढेच मागणे. ती चिठ्ठी एडिथच्या काळजात रुतली.

यानंतर लिहून पुरा झालेल्या तिच्या प्रबंधाचा विषय होता समानुभूती. दुसऱ्याचे दुःख आपल्याला कळते म्हणजे नेमके काय होते? माझ्यापुरते एक उदाहरण घेते. वसतिगृहात शेजारच्या खोलीतल्या मैत्रिणीला घरून फोन येतो आणि बोलता बोलता तिचा चेहरा उतरतो. अजून तिने काही सांगितलेले नाही, तरी तिच्यावर काही कोसळले आहे हे मला दिसते. ते दुःख माझे नाही. माझ्या घरी सर्व कुशल आहे. तरीही ते मला नुसते तर्काने कळलेले नाही. ते माझ्यासमोर उभे आहे. थिओडोर लिप्स नावाच्या विद्वानांचे म्हणणे असे की, दोरीवरच्या कसरतपटूकडे पाहताना आपण त्याच्याशी एकरूप होऊन जातो. एडिथने हे अमान्य केले. डोंबारी दोरीवर असतो आणि आपण जमिनीवरच असतो. आपण मनाने त्याच्याजवळ जातो, त्याच्या जागी जात नाही. दुसऱ्याचे अंतर आपल्याला उमगते, पण ते दुसऱ्याचेच राहते. १९१६ मध्ये फ्रायबुर्ग विद्यापीठाने या प्रबंधाला सर्वोच्च श्रेणीत डॉक्टरेट दिली. तेव्हा ती पंचविशीचीही नव्हती. प्रबंधातला हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे सारे आयुष्य तिला त्याचीच परीक्षा द्यावी लागली.

हुसर्ल यांनी तिला साहाय्यक म्हणून ठेवून घेतले. लघुलिपीत लिहिलेल्या त्यांच्या टिपणांचे ढीग उलगडायचे, लावायचे, त्यांतून सुसंगत ग्रंथ उभा करायचा, असे ते काम. दोन वर्षे तिने ते केले. तिने जुळवलेली कालजाणिवेवरची व्याख्याने पुढे १९२८ मध्ये हाइडेगर यांच्या नावाने संपादित होऊन निघाली आणि तिच्या श्रमांचा उल्लेख जेमतेम झाला. प्राध्यापकपदासाठी लागणारी पुढची पात्रता मिळवण्याचा तिने प्रयत्न केला, तेव्हा १९१९ मध्ये ग्योटिंगेन विद्यापीठाने ती स्त्री असल्याने अर्ज पुढे जाऊ दिला नाही. ती गप्प बसली नाही. तिने शिक्षणमंत्रालयाकडे दाद मागितली आणि स्त्री असणे ही या पात्रतेच्या आड येणारी गोष्ट नव्हे, असा खुलासा मंत्रालयाने फेब्रुवारी १९२० मध्ये काढला. त्या खुलाशाचा लाभ पुढच्या स्त्रियांना झाला; तिला स्वतःला मात्र प्राध्यापकाची खुर्ची कधीच मिळाली नाही.

मधल्या काळात दुसरे काही घडत होते. १९१७ च्या नोव्हेंबरात राईनाख रणांगणावर पडले. त्यांची कागदपत्रे लावून देण्यासाठी एडिथ त्यांच्या पत्नीकडे गेली. जाताना पाय जड झाले होते. उन्मळून पडलेल्या बाईचे सांत्वन करायचे कसे? पण आना राईनाख दुःखात असूनही खचलेल्या नव्हत्या. नुकत्याच स्वीकारलेल्या ख्रिस्ती श्रद्धेने त्यांना आतून आधार दिला होता. ज्या बाईला धीर द्यायला गेली तिच्याकडूनच एडिथ धीर घेऊन परतली. पुस्तकातून न पटलेली गोष्ट एका विधवेच्या चेहऱ्यावर दिसली. लहानपणापासून एका विधवेचीच श्रद्धा ती घरात पाहत आली होती, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

१९२१ च्या उन्हाळ्यात ती बेर्गत्साबेर्न येथे हेडविग कॉनराड-मार्टियुस या मैत्रिणीकडे राहिली होती. घरातली माणसे एका संध्याकाळी बाहेर गेली असताना तिने पुस्तकांच्या फळीवरून एक पुस्तक काढले. ते होते अविलाच्या संत तेरेसाचे आत्मचरित्र. सोळाव्या शतकातल्या स्पेनमधली ही संन्यासिनी कार्मेल पंथाची सुधारक म्हणून प्रसिद्ध आहे. एडिथने ते पुस्तक रातोरात वाचून संपवले आणि आपण शोधत होतो ते सत्य हेच, अशी तिची खात्री झाली. १ जानेवारी १९२२ रोजी तिने कॅथॉलिक पंथात बाप्तिस्मा घेतला. या तेरेसाचे आजोबा स्वतः धर्मांतरित ज्यू होते, ही गोष्ट एडिथच्या मृत्यूनंतर कागदपत्रांतून उजेडात आली. तिला ती कळली असती तर किती बरे वाटले असते!

आता प्रश्न आईचा होता. पत्राने कळवणे सोपे होते. पण ती स्वतः ब्रेस्लाऊला गेली आणि आईसमोर बसून तिने सांगितले. ऑगुस्टेबाई रागावतील, घराबाहेर काढतील, असे सर्वांना वाटले होते. त्या रडल्या. कर्ज, वैधव्य, चार मुलांचे मरण पचवलेली ती बाई लेकीसमोर रडली. एडिथला ते दुःख पुरते कळत होते, आणि ते दूर करणे तिच्या हातात नव्हते. सुट्टीत घरी आली की ती पूर्वीप्रमाणेच आईबरोबर सिनेगॉगला जाई.

तिला लगेच कार्मेलमध्ये प्रवेश घ्यायचा होता, पण आईला हा दुसरा घाव इतक्या लवकर बसू नये म्हणून मार्गदर्शकांनी तिला थांबवले. ती अकरा वर्षे थांबली. १९२३ पासून १९३१ पर्यंत स्पायर येथे डोमिनिकन भगिनींच्या शाळेत तिने मुलींना आणि भावी शिक्षिकांना शिकवले. एका लहानशा खोलीत साधेपणाने राहिली. देवाचे व्हायचे म्हणजे जगातले सारे सोडून द्यायचे, असे आरंभी तिला वाटत असे. सेंट थॉमस अक्वायनसच्या सत्यावरील ग्रंथाचे भाषांतर करताना तिला उमगले की विद्याभ्यासही देवाची सेवा म्हणून करता येतो आणि माणूस जितका देवाकडे ओढला जातो तितका त्याला इतरांसाठी स्वतःबाहेर यावेच लागते. तिने गावोगावी स्त्रीशिक्षणावर व्याख्याने दिली. स्त्रीला करता येणार नाही असा कोणताही व्यवसाय नाही, हे तिचे ठाम मत होते. लाकडाच्या वखारीत वाढलेल्या मुलीला दुसरे कसे वाटणार?

१९३२ मध्ये म्यून्स्टर येथील शिक्षणशास्त्र संस्थेत ती अधिव्याख्याती झाली; पण १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू वंशाची म्हणून तिचे अध्यापन बंद झाले. बाप्तिस्मा झाला होता तरी सरकारच्या हिशेबी ती ज्यूच होती. आणि तिच्या स्वतःच्या हिशेबीही. एप्रिल १९३३ मध्ये तिने पोप अकरावे पायस यांना पत्र पाठवले. आपण ज्यू समाजाची कन्या आहोत आणि कॅथॉलिक चर्चचीही कन्या आहोत, या दुहेरी नात्याने तिने लिहिले की, ज्यूंवर चाललेल्या अत्याचारांविरुद्ध चर्चने उघड बोलावे. हे मौन पुढे चर्चलाच जड जाईल. उत्तरादाखल तिच्यासाठी व कुटुंबासाठी आशीर्वाद आला. नाझींच्या वंशवादावर टीका करणारे पोपचे परिपत्रक १९३७ मध्ये निघाले. एडिथचे हे पत्र संशोधकांना २००३ मध्ये खुले झाले. त्याच वर्षी, १९३३ मध्ये, तिने आपल्या ज्यू घराण्याची हकीकतही लिहायला घेतली. ज्यूंविषयी द्वेषाने रंगवलेली चित्रे पाहणाऱ्या जर्मन तरुणांना एक खरे ज्यू घर दाखवावे, हा हेतू. माझ्या हाती पडलेली लाकडाच्या वखारीची गोष्ट मूळ त्या लेखनातली.

शिकवणे बंद झाले. आता थांबण्याचे कारण उरले नव्हते. कोलोनच्या कार्मेल मठाने तिला घ्यायचे मान्य केले. घरी शेवटचे काही आठवडे ती आईपाशी राहिली. १२ ऑक्टोबर १९३३. तिचा बेचाळिसावा वाढदिवस आणि ज्यूंच्या मंडपाच्या सणाची समाप्ती. सुमारे चौऱ्याऐंशी वर्षांच्या ऑगुस्टेबाई लेकीबरोबर सिनेगॉगला गेल्या आणि तिच्याबरोबर चालत घरी आल्या. येताना दोघींत देवाविषयी बोलणे झाले. येशू भला माणूस असेल, पण त्याने स्वतःला देव का म्हणवले, असे आईचे कोडे होते. रात्री पाहुणे गेल्यावर आईने दोन्ही हातांत तोंड लपवले आणि त्या रडू लागल्या. एडिथने त्यांचे पांढरे मस्तक आपल्या छातीशी धरले. पुष्कळ वेळ दोघी तशाच होत्या. त्या रात्री दोघींनाही झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एडिथ गाडीत बसली. तिला मनात आनंदाचे उधाण वाटले नाही. एक खोल शांतता मात्र होती, असे तिने नमूद केले आहे.

कार्मेल हा पंथ पॅलेस्टाईनमधील कार्मेल डोंगरावरून नाव घेतो. आपल्या शेजारच्या गोव्यातही या पंथाचे साधू सतराव्या शतकापासून आले होते. कार्मेलच्या नन मठाबाहेर पडत नाहीत. मौन, श्रम आणि रोजची ध्यानप्रार्थना हा त्यांचा दिनक्रम. डॉक्टरेट मिळवलेली बेचाळीस वर्षांची विदुषी आता तरुण मुलींबरोबर झाडलोट आणि शिवणकाम करू लागली, आणि त्या कामांत ती फारशी कुशल नव्हती. एप्रिल १९३४ मध्ये तिने मठाचे वस्त्र आणि तेरेसा बेनेडिक्टा हे नवे नाव घेतले. नावाच्या अखेरीस क्रुसाची असे बिरूद होते. वरिष्ठांच्या सांगण्यावरून तिने पुन्हा लेखणी धरली आणि सान्त व अनंत अस्तित्वावरील आपला मोठा ग्रंथ पुरा केला. त्यातला एक विचार मला समजला तो असा : माझे असणे क्षणाक्षणाला निसटते आहे, ते टिकवून धरण्याचे सामर्थ्य माझ्यात नाही, तरीही मी आहे; म्हणजे मला कुणीतरी धरून ठेवले आहे. आईच्या कडेवरच्या मुलाला जशी पडण्याची भीती नसते, तशी ही निर्धास्तता आहे. लेखिका ज्यू असल्यामुळे हा ग्रंथ तेव्हा छापला गेला नाही. तो १९५० मध्ये निघाला.

मठातून ती दर आठवड्याला आईला पत्र लिही. कित्येक महिने उत्तर आले नाही. पुढे बहीण रोझाच्या पत्राखाली आईच्या हातच्या चार ओळी येऊ लागल्या. १४ सप्टेंबर १९३६ रोजी, एडिथ मठात आपल्या व्रतांचे नूतनीकरण करीत होती त्याच दिवशी, ऑगुस्टेबाई वारल्या. त्यानंतर अशी वदंता उठली की मरताना त्या ख्रिस्ती झाल्या. एखाद्या नवख्रिस्ती लेकीला ही बातमी गोड वाटली असती. एडिथने ती स्पष्टपणे खोडून काढली. आपली आई अखेरपर्यंत आपल्या धर्माला धरून होती आणि जिने आयुष्यभर देवावर विसंबून दिवस काढले तिचा न्याय देव दयेनेच करील, असे तिने लिहून कळवले. हे वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. डोंबारी दोरीवर आणि आपण जमिनीवर, हे तिने पंचविशीच्या आत लिहिले होते. आईची श्रद्धा आईचीच राहू देणे, तिला आपल्या खात्यावर जमा न करणे, हे त्या प्रबंधाचे खरे उत्तर होते. १९३८ मध्ये हुसर्ल मृत्युशय्येवर असतानाही ती याच विश्वासाने निश्चिंत राहिली. जो सत्य शोधतो तो, त्याला ठाऊक असो वा नसो, देवालाच शोधत असतो, अशी तिची धारणा होती.

९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीभर सिनेगॉग जाळले गेले, ज्यूंची दुकाने फोडली गेली. आपल्यामुळे मठावर संकट नको म्हणून ३१ डिसेंबरला एडिथ हॉलंडमधील एख्ट येथील मठात गेली. आईच्या मृत्यूनंतर बाप्तिस्मा घेतलेली रोझाही पुढे तिथे आली आणि मठाच्या दारावर काम पाहू लागली. मे १९४० मध्ये हिटलरने हॉलंडही घेतले. दोघींना कपड्यावर पिवळा तारा लावावा लागला. स्वित्झर्लंडमधील एक कार्मेल मठ एडिथला घ्यायला तयार होता, पण तिथे रोझाला जागा नव्हती. रोझाला सोडून जायला एडिथ तयार होईना. रोझाची सोय दुसरीकडे लागेपर्यंत आणि परवाने येईपर्यंत वेळ निघून गेली. याच दिवसांत ती क्रुसाचा संत योहान याच्यावर ग्रंथ लिहीत होती. क्रुसाचे ज्ञान पोथीत सापडत नाही. ते बीजासारखे माणसात रुजते आणि त्याच्या जगण्यातून वर येते, असा त्याचा आशय.

मग तीन रविवार आले. २६ जुलै १९४२ च्या रविवारी हॉलंडच्या कॅथॉलिक चर्चमध्ये ज्यूंच्या हद्दपारीचा निषेध करणारे पत्र वाचले गेले. नऊ वर्षांपूर्वी तिने जे मागितले होते ते इथल्या बिशपांनी केले. २ ऑगस्टच्या रविवारी सूड म्हणून कॅथॉलिक झालेल्या ज्यूंना पकडण्यात आले. संध्याकाळी सैनिक एख्टच्या मठात आले. गोंधळून गेलेल्या रोझाचा हात एडिथने धरला आणि आपण आपल्या लोकांसाठी जात आहोत असे तिला सांगितले, अशी आठवण तिथल्यांनी जपली आहे. वेस्टरबोर्कच्या छावणीत कित्येक आया दुःखाने सुन्न झाल्या होत्या, मुलांकडे पाहायला कुणी नव्हते. एडिथ त्या मुलांची तोंडे धूत होती, केस विंचरून देत होती, भरवत होती. ७ ऑगस्टला सुमारे हजार माणसांची गाडी पूर्वेकडे निघाली. ९ ऑगस्टच्या रविवारी ऑशविट्झच्या विषारी वायूच्या कोठडीत दोघी बहिणींचा अंत झाला. एडिथ पन्नास वर्षांची होती. पाऊल आणि फ्रीडा ही तिची आणखी दोन भावंडेही नाझींच्या छळछावणीत मरण पावली.

११ ऑक्टोबर १९९८ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी तिला संत घोषित केले आणि पुढच्या वर्षी युरोपच्या रक्षक संतांत तिची गणना केली. तेव्हा वादही झाला. ती श्रद्धेसाठी हुतात्मा झाली, असे चर्चने म्हटले. ती ज्यू म्हणून मारली गेली, लाखो ज्यूंबरोबर मारली गेली, तिला वेगळी काढू नका, असे अनेक ज्यूंनी म्हटले. तिच्या घरातल्या काही नातेवाइकांनाही हे सारे अवघडच वाटले. मला दोन्ही म्हणणी ऐकावीशी वाटतात. बिशपांच्या निषेधाचा सूड म्हणून तिला पकडले हे खरे. पण शेजारच्या मठातल्या जर्मन वा डच ननला कुणी पकडले नाही, हेही तितकेच खरे.

आता माझे कारण सांगते. गेल्या वर्षी मी कन्नड वक्तृत्व स्पर्धेत भाग घेतला आणि बक्षीस मिळवले. घरी आल्यावर ढाल आजीपुढे ठेवली. आजी काही बोलली नाही. तिने सीमालढ्याचे दिवस पाहिले आहेत. तिकडे सभागृहात माझे भाषण संपल्यावर मागच्या रांगेत कुणीतरी म्हणाले की ही तर मराठी मुलगी. मी नेमकी कुणाची, असा प्रश्न त्या रात्री मला पडला. माझी गोष्ट मोहरीएवढी आहे आणि एडिथची डोंगराएवढी. त्यांची बरोबरी करण्याचे पाप मी करणार नाही. पण तिच्या आयुष्याने मला एक सांगितले. आपल्याला जे खरे वाटले त्याच्या मागे जावे. जाताना आपल्या माणसांना जे दुखते ते दुखत नाही असे म्हणू नये. आणि संकटाच्या वेळी आपण त्यांचे नाही असे कधी सांगू नये. ती दोन घरांची लेक होती. एक घर सोडून दुसऱ्यात गेली असे सर्वांनी म्हटले. तिने मात्र दोन्ही घरांचे नाते शेवटच्या दिवसापर्यंत निभावले, आणि त्यासाठी लागेल ती किंमत दिली.

या अंकाच्या कन्नड विभागात माझी एक कविता आहे. ती मी आजीला मराठीत अर्थ सांगून वाचून दाखवली. आजीने ऐकून घेतली आणि थोड्या वेळाने विचारले की पावसाला कन्नडमध्ये काय म्हणतात. मी सांगितले. एवढेच झाले. आमचा हिशेब जुळला असे म्हणणार नाही; पण वही उघडी आहे.

ब्रेस्लाऊच्या त्या वखारवाल्या आईला आणि तिच्या धाकट्या लेकीला माझे विनम्र अभिवादन.